लाटेवरची फळी कशी पारखावी

मार्ग पाहून वाहन निवडावें, हा व्यवहारांतला साधा नियम आहे. शेताच्या अरुंद बांधावरून कोणी बैलगाडी नेत नाहीं, आणि घाटाच्या चढणीला कोणी अशक्त बैल जुंपीत नाहीं. पाण्याच्या बाबतींत मात्र हा नियम पुष्कळांच्या ध्यानांत राहत नाहीं. जें तरंगतें तें सगळ्याच पाण्यावर सारखें चालेल, असा एक समज असतो. आणि पाणी हें असें आहे कीं, आपल्याविषयींचा चुकीचा समज तें फार वेळ खपवून घेत नाहीं.

उभ्यानें वल्हवावयाची फळी, जिला स्टँड-अप पॅडलबोर्ड म्हणतात, ती आतां आपल्या देशांत नवलाची राहिलेली नाहीं. गोव्याचे उत्तरेकडील किनारे, कर्नाटकांत शांभवी नदीच्या मुखाजवळचें मुलकी, आणि चेन्नईच्या दक्षिणेस असलेलें कोवलम हें मच्छीमारांचें गांव, अशा ठिकाणीं हा खेळ शिकविला जातो. कोवलमच्या मच्छीमारांच्या मुलांनीं तर त्यांत देशभर लौकिक मिळविला आहे. तीं चित्रें पाहून आपल्याकडील मुलांनीं घरीं हट्ट धरावा, आणि वडिलांनीं दुकानांत जाऊन जी स्वस्त व देखणी दिसेल ती फळी विकत आणावी, असें घडण्याचा पूर्ण संभव आहे. फळीला पैसे पडतात खरे. पण पैशांपेक्षां फार मोलाची वस्तु तिच्यावर उभी राहणार असते. म्हणून लाटांसाठीं फळी निवडतांना काय पाहावें, आणि तें कां पाहावें, याचा विचार येथें क्रमानें करूं.

प्रथम या वाहनाचें कुळ पाहूं. हवाई बेटांतील लोक फळीवर स्वार होऊन लाटेबरोबर किनाऱ्याकडे येत, हें अठराव्या शतकांत तेथें गेलेल्या युरोपियन दर्यावर्दींनीं लिहून ठेवलें आहे. १९१२ सालच्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्यें शंभर मीटर पोहण्याच्या शर्यतींत पहिला आलेला ड्यूक कहानामोकू हा त्याच बेटांतला; त्यानें या क्रीडेची कीर्ति दूर देशीं नेली. पुढें विसाव्या शतकाच्या मध्यास होनोलुलू शहरांतील वायकीकी किनाऱ्यावरचे कांहीं शिक्षक फळीवर उभे राहून हातांत वल्हें घेऊं लागले. कारण उभें राहिल्यावर आपले शिष्य आणि दुरून येणाऱ्या लाटा हीं दोन्ही एकाच दृष्टिक्षेपांत दिसतात. ही रीत मध्यंतरीं मागें पडली होती. सन २००० च्या आगेंमागें हवाईमधीलच लेअर्ड हॅमिल्टनप्रभृति लाटस्वारांनीं ती पुन्हां उचलली, आणि तेथून ती जगभर पसरली.

परंतु यासाठीं इतक्या दूर जाण्याचेंहि कारण नाहीं. आपल्याच देशाच्या पूर्व किनाऱ्यावर कट्टुमरम् नांवाचा तराफा फार जुना आहे. कट्टुमरम् म्हणजे तमिळ भाषेंत 'बांधलेलें लाकूड'. हलक्या लाकडाचे कांहीं ओंडके दोरांनीं एकत्र आवळतात. त्यांचीं पुढचीं टोकें वर उचललेलीं असतात. किनाऱ्यावर आल्यावर दोर सोडून ओंडके वाळत ठेवण्याची चाल होती. मद्रासेस बंदर बांधलें जाण्यापूर्वीं मोठीं जहाजें उघड्या समुद्रांत नांगर टाकून राहत; आणि फुटत्या लाटांतून किनाऱ्याशीं दळणवळण ठेवण्यास हे तराफे व फळ्या शिवून बांधलेल्या मसूला होड्या याच उपयोगीं पडत. कट्टुमरमला पोट नाहीं, कांठ नाहीं. लाट अंगावरून गेली तरी पाणी सांठावयास जागाच नाहीं.

आपल्या कोंकणांतली होडी याहून निराळी. येथें ठिकठिकाणीं खाड्यांचा आसरा असल्यामुळें नावेला सहसा फुटत्या लाटांतून सुटावें लागत नाहीं. म्हणून आपली होडी खोल पोटाची; दक्षिण कोंकणांत तिला उलटूं नये म्हणून एका बाजूस उलांडी बांधतात. पाणी बाहेर ठेवणें हें होडीचें तत्त्व, आणि पाणी अंगावरून वाहूं देणें हें कट्टुमरमचें. लाटेवरची फळी या दुसऱ्या कुळांतली आहे. एवढी एक गोष्ट मनांत ठेवली म्हणजे पुढील सर्व विवेचन सोपें होईल.

आतां आपल्या गांवाकडे वळूं. अंजूर हें भिवंडी तालुक्यांत, उल्हास नदीच्या खाडीच्या उत्तर अंगास वसलेलें आहे. १७३७ ते १७३९ या वर्षांत चिमाजी अप्पांनीं चालविलेल्या वसईच्या मोहिमेंत अंजूरकर नाईकांचें नांव इतिहासांत आलें. साष्टी हें बेट खाडीपलीकडे असल्यामुळें खाडी ओलांडल्यावांचून ती मोहीम घडणें शक्यच नव्हतें. हीच खाडी घोडबंदरावरून पश्चिमेस जाऊन वसई व भाईंदर यांच्यामधून समुद्रास मिळते. आपल्या दारांत समुद्राची भरती येते, पण समुद्राची लाट येत नाहीं. खाडींत असते ती ओढ. उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या किनाऱ्यावर भरती व ओहोटी यांमधील फरक चार मीटरांहून अधिक होतो. सुमारें सहा तासांत एवढें पाणी खाडींत शिरतें, आणि पुढील सहा तासांत बाहेर जातें. भांगाच्या दिवसांत हा फरक बराच कमी असतो. तेव्हां खाडीची फळी आणि लाटेची फळी यांच्या कामांत मुळापासून भेद आहे. पहिलीनें ओढीविरुद्ध सरळ व दूर जावयाचें. दुसरीनें थोड्या अंतरांत वेग घेऊन चटकन् वळावयाचें.

लाट कशी फुटते हें समजल्याशिवाय तिच्यासाठीं वाहन निवडतां येणार नाहीं. खोल समुद्रांतून आलेली लाट उथळ पाण्यांत शिरली म्हणजे तिची चाल मंदावते; मागच्या लाटा जवळ जवळ येऊं लागतात, आणि लाटेची उंची वाढते. अशा रीतीनें वाढत असतां, पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सुमारें १.३ पट उरली कीं माथा पुढें झेपावून कोसळतो. म्हणजे एक मीटर उंचीची लाट साधारणपणें १.३ मीटर पाण्यांत फुटते. उथळ पाण्यांतील लाटेचा वेग काढण्याची रीत वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस करून पाहतां येईल: गुरुत्वाच्या प्रवेगास, म्हणजे ९.८ यास, खोलीच्या मीटरांनीं गुणावें आणि वर्गमूळ काढावें. १.३ मीटर खोलीस उत्तर सेकंदाला सुमारें ३.६ मीटर येतें. म्हणजे ताशीं जवळ जवळ १३ किलोमीटर. नवा शिकणारा वल्हवून ताशीं पांच-सहा किलोमीटरच जातो. मग लाट त्याला मागें टाकून जाणार नाहीं काय? जाते, पण त्यानें लाट येण्यापूर्वींच जोरानें वल्हवून वेग घेतला असेल, तर लाटेच्या उतारावर फळी घसरूं लागते, आणि उरलेला वेग उतारच देतो. येथें फळीचा पहिला गुण ठरला. ती थोड्या वल्ह्यांत वेग घेणारी असली पाहिजे.

दुसरा प्रश्न घनफळाचा. दुकानांत फळीवर लिटरांचा एक आंकडा लिहिलेला असतो. पुष्कळ लोक त्याकडे पाहतहि नाहींत. आर्किमिडीजचा सिद्धांत शाळेंत सर्वांनीं पाठ केलेला असतो. त्याचा खरा उपयोग येथें आहे. समजा, विद्यार्थ्याचें वजन ५० किलो व फळीचें ९ किलो आहे. या ५९ किलोंस तोलून धरण्यास तितक्याच वजनाचें पाणी बाजूस सरलें पाहिजे. समुद्राचें पाणी गोड्या पाण्याहून किंचित् जड असल्यामुळें सुमारें ५८ लिटर पुरतात. पण ५८ लिटरांची फळी पाण्याच्या पृष्ठभागाशीं जेमतेम बरोबर राहील. तिच्यावर उभें राहणें तरबेजालाहि कठीण. लाटांत नव्यानें उतरणाऱ्यानें आपल्या वजनाच्या किलोंच्या सुमारें दुप्पट लिटरांची फळी घ्यावी, हें सोयीचें मान आहे. पन्नास किलोंच्या मुलास शंभर, पंचाहत्तर किलोंच्या वडिलांस दीडशें. हात बसल्यावर दीडपट पुरते. आणि फार निष्णात स्वार याहूनहि कमी घनफळावर उभे राहतात. 'मूल वाढतें आहे, मोठीच घेऊं' असा विचार कपड्यांच्या बाबतींत ठीक. पण वाजवीपेक्षां फुगीर फळी फेंसाळ पाण्यांत हलक्या मुलास आवरत नाहीं, आणि सुटली तर इतरांच्या अंगावर जाते.

तिसरा विचार रुंदीचा. फळीचें स्थैर्य लांबीपेक्षां रुंदीवर अधिक अवलंबून असतें, आणि तेंहि साध्या प्रमाणांत नव्हे. बाजूला कलंडण्यास होणारा विरोध रुंदीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतो. २८ इंचांची फळी आणि ३२ इंचांची फळी यांत चारच इंचांचें अंतर. पण बाकी सर्व गोष्टी सारख्या असल्यास दुसरीचें स्थैर्य जवळ जवळ दीडपट भरतें. म्हणून शिकणाऱ्यास ३१-३२ इंच रुंदी योग्य. त्याहून पुष्कळ रुंद फळी स्थिर पाण्यांत आरामाची वाटते, परंतु लाटेच्या तिरप्या अंगावर ती एका कडेवरून दुसऱ्या कडेवर लवकर झुकत नाहीं. आणि झुकल्याशिवाय फळी वळत नाहीं.

चौथा विचार लांबीचा व आकाराचा. साडेबारा ते चौदा फूट लांब, टोंकदार नाळेची फळी दूरच्या प्रवासासाठीं असते. ती पाणी चिरीत सरळ जाते, आणि खाडीला तीच शोभते. तीच लाटेवर नेली तर तिची टोंकदार नाळ उताराच्या तळाशीं पाण्यांत खुपसते, मागची लाट शेपूट वर उचलते, आणि स्वार डोक्यावरून पुढें फेंकला जातो. लाटेच्या फळीची नाळ कट्टुमरमच्या टोंकांप्रमाणें वर उचललेली असते. फळीच्या तळाला असलेल्या या बाकास रॉकर म्हणतात. बाक जास्त असेल तर नाळ खुपसत नाहीं, परंतु वेग कमी होतो. बाक कमी असेल तर वेग मिळतो, पण धोका वाढतो. तज्ज्ञांच्या लाट-फळ्या सात ते नऊ फुटांच्या असतात. शिकणाऱ्यानें मात्र नऊ ते दहा फूट लांब, गोल नाळेची आणि मध्यम बाकाची फळी पत्करावी. ती लाट लवकर पकडते आणि चूक पोटांत घालते. कडा मध्यापाशीं गोलसर व शेपटाकडे धारदार असाव्यात. गोल कड पाण्यांतून सहज सुटते. शेपटाची धारदार कड पाणी नीट तोडते आणि वळणावर पकड देते.

फळीखालीं जो पर असतो, ज्यास फिन म्हणतात, तो लहान दिसला तरी त्याचें महत्त्व लहान नाहीं. १९३५ सालीं टॉम ब्लेक नांवाच्या अमेरिकन लाटस्वारानें प्रथम फळीच्या तळाशीं असा पर बसविला. त्यापूर्वीं फळीचें शेपूट वाटेल तसें बाजूला सरके. मधला एकच मोठा पर फळीला सरळ ठेवतो. मोठ्या मधल्या पराच्या दोन्ही बाजूंस दोन लहान पर, किंवा बेताचे तीन पर, ही मांडणी लाटेवर वळतांना अधिक पकड देते. पर काढतां-घालतां येतील अशीच फळी घ्यावी. खडक लागून पर मोडला तर पर बदलतां येतो. तळाशीं जोडून टाकलेला पर मोडला तर फळीच दुरुस्तीस द्यावी लागते.

आतां पालकांच्या मनांतला मुख्य प्रश्न येतो: फळी घट्ट घ्यावी कीं हवा भरावयाची? घट्ट फळीचें अंतरंग थर्मोकोलसारख्या फेसाचें असून त्यावर कांचतंतु व इपॉक्सी राळ यांचें कवच असतें. ती ताठ राहते, तिच्या कडा हव्या तशा घडवितां येतात, आणि लाटेवर तीच खरी. पण दहा फुटांची फळी घेऊन भिवंडीहून समुद्रकांठ गांठणें सोपें नव्हे. आगगाडींत तर तिला जागाच नाहीं. हवेच्या फळीच्या दोन थरांस आंतून हजारों धाग्यांनीं शिवलेलें असतें, म्हणून ती फुग्याप्रमाणें गोल न होतां सपाट राहते. दर चौरस इंचास १२ ते १५ पौंड दाब भरला म्हणजे ती बरीच ताठ होते. ती पाठीवरच्या पिशवींत मावते, अंगावर आदळली तरी फारशी इजा करीत नाहीं, आणि बहुधा स्वस्तहि मिळते. मात्र तिच्या कडा सर्वत्र जाड व गोल असतात, म्हणून लाटेच्या अंगास ती धरून राहत नाहीं. आणि मोठ्या लाटेखालीं ती मध्यें लवते. उन्हांत ताणून ठेवल्यास आंतली हवा प्रसरण पावून शिवण उसवण्याची भीति असते. निष्कर्ष असा कीं, खाडी, तलाव आणि गुडघ्याएवढ्या लाटा यांसाठीं हवेची फळी उत्तम. कमरेएवढ्या लाटांस घट्ट फळीच पाहिजे. समुद्र जवळ नसलेल्या गांवच्या मुलानें प्रथम हवेच्या फळीवर तोल शिकावा, आणि लाटांची घट्ट फळी समुद्रकांठच्या शिकवणींत भाड्यानें घ्यावी, हा मार्ग सोयीचाहि आहे आणि कमी खर्चाचाहि.

वल्ह्याची निवड फळीइतकीच जपून करावी. स्थिर पाण्यावर वल्हें आपल्या उंचीहून आठ-दहा इंच जास्त घेतात. लाटेवर स्वार गुडघे वांकवून खालीं बसतो, म्हणून तेथें तें आंखूड लागतें. उंचीहून चार ते सहा इंच अधिक पुष्कळ झालें. पातें लहान असावें. मोठें पातें जोरदार दिसतें, पण मुलाच्या खांद्यास तें अर्ध्या तासांत थकवितें. पात्याची दांड्याशीं किंचित् तिरपी बैठक असते, आणि तिचा कल फळीच्या नाळेकडे ठेवावयाचा असतो. नवशिके हटकून उलट धरतात. कारण पळी धरावी तसें खोलगट अंग आपल्याकडे असावें, असें हाताला वाटतें.

यानंतरची गोष्ट सर्वांत अधिक लक्षपूर्वक वाचावी, अशी वडील मंडळींस विनंति आहे. फळी व स्वार यांस जोडणारी जी दोरी असते, जिला लीश म्हणतात, ती एकाच जातीची नसते. लाटांत ती सरळ असावी, फळीच्या लांबीइतकी किंवा थोडी अधिक असावी, आणि घोट्यास किंवा पोटरीस बांधावी. गुंडाळीची, स्प्रिंगसारखी दोरी लाटांत ताणली जाऊन फळीला उलट स्वाराच्याच अंगावर आणते. पण खाडींत नेमका याच्या उलट धोका आहे. ओहोटीच्या ओढीनें फळी एखाद्या जाळ्याच्या खुंटाच्या, नांगराच्या दोराच्या किंवा पुलाच्या खांबाच्या एका बाजूनें गेली आणि मनुष्य दुसऱ्या बाजूनें गेला, म्हणजे पायाची दोरी त्याला तेथेंच पाण्याखालीं धरून ठेवते. त्या ओढींत वांकून घोट्यापर्यंत हात पोहोंचविणें बलवान् मनुष्यासहि साधत नाहीं. म्हणून वाहत्या पाण्यांत दोरी कमरेच्या अशा पट्ट्यास जोडावी, कीं जो एका हिसक्यानें सुटेल; आणि तो हिसका डोळे मिटूनहि देतां यावा, इतका सराव जमिनीवर आधीं करावा. तरंगतें जाकीट तर कोणत्याहि पाण्यांत असावेंच. ज्यास पोहतां येत नाहीं त्यानें फळीचा विचार पुढें ढकलून आधीं पोहणें शिकावें.

स्थळ आणि काळ यांवरहि निवड अवलंबून असते. नैऋत्येचा पावसाळा चालू असतां अरबी समुद्र शिकणाऱ्यांचा नव्हे. सांप्रत १ जून ते ३१ जुलै या काळांत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीस सरकारनें बंदी केलेली असते, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत कोळी बांधव दर्यास मान देऊन थांबतात. ज्यांचें पोट दर्यावर आहे ते जेथें थांबतात, तेथें क्रीडेनें पुढें जाऊं नये. पावसाळा सरल्यावर केळवें, बोर्डी यांसारख्या फार सपाट किनाऱ्यांवर लाटा दुरूनच हळूहळू फेंसाळत येतात. ज्या किनाऱ्याला उतार अधिक, तेथें लाट एकदम कोसळते. तेथें शिकूं नये. फुटलेलें पाणी एखाद्या पट्ट्यांतून परत समुद्राकडे जोरानें जात असतें. त्यांत सांपडल्यास सरळ किनाऱ्याकडे झगडूं नये. फळी न सोडतां किनाऱ्याला समांतर जाऊन ओढीबाहेर पडावें. आणि एक शिष्टाचार: उभा स्वार दूरची लाट आधीं पाहतो व आधीं पकडतो, म्हणून प्रत्येक लाट आपलीच, असें त्यानें मानूं नये. लाटेच्या फुटत्या माथ्यास जो सर्वांत जवळ, त्याचा हक्क पहिला.

जुनी फळी घेणें वाईट नाहीं. मात्र ती नीट पारखून घ्यावी. अंगठ्यानें सर्वत्र दाबून पाहावें; कवच कोठें मऊ लागलें किंवा फुगवटी दिसली तर आंतला फेस सुटलेला आहे. ती तोलून पाहावी. लिहिलेल्या वजनाहून ती जड भरली तर तिनें पाणी प्यालें आहे. पराच्या खांचा आणि दोरीचा खुंटा यांभोंवतीं चिरा पाहाव्यात. हवेची फळी भरून एक रात्र ठेवावी, आणि सकाळीं दाब मोजावा.

बाजारांतली सर्वांत चांगली फळी कोणती, हा प्रश्न येथपर्यंत आलेला वाचक आतां विचारणार नाहीं, अशी आशा आहे. कोणाच्या वजनाला, कोणत्या पाण्याला आणि किती सरावाला, हे तीन प्रश्न आधीं विचारावेत, म्हणजे फळी आपोआप ठरते. आणि या तीन प्रश्नांची उत्तरें दुकानापेक्षां घरीं व गांवींच अधिक चांगलीं मिळतात. वजन तराजू सांगेल. सराव शिक्षक सांगतील. आणि पाण्याचा स्वभाव खाडीकांठचा एखादा वृद्ध आगरी किंवा कोळी गृहस्थ जितका नेमका सांगेल, तितका कोणत्याहि जाहिरातींत लिहिलेला सांपडणार नाहीं. भरती केव्हां फिरते, खुंट कोठें रोवलेले आहेत, कोणत्या वाऱ्यांत घरीं बसावें, हें त्यानें आयुष्यभर पाहिलेलें असतें. विद्यार्थ्यांनीं प्रथम त्याच्यापाशीं जाऊन बसावें, आणि मग दुकानाची वाट धरावी.